झोतभट्टीच्या माथ्यावरची वीज

झोतभट्टीत लोहखनिजाचं लोखंड होतं, तेव्हा तिच्या माथ्यावरून वायूचा प्रचंड लोट निघतो. एक टन लोखंडामागे साधारण 1500 घनमीटर! त्यातला पाचवा ते चौथा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे जीवघेणा वायू, पण जळणाराही. पूर्वी भट्ट्यांची तोंडं उघडी असत आणि हे इंधन माथ्यावरच ज्वाळांनी जळून जाई.

ते पकडून वापरायचं तर अडचण धुळीची. खनिजाचे आणि कोकचे (भाजून घट्ट केलेल्या दगडी कोळशाचे) कण यंत्रात शिरले की ते झिजतं, तुंबतं. म्हणून वायू आधी एका रुंद पात्रात नेतात. तिथे त्याचा वेग मंदावतो, दिशा वळते आणि जड कण खाली बसतात. बारीक धूळ पाण्याच्या फवाऱ्याने धुता येते, पण मग वायू थंड होतो आणि गाळाचं पाणी वेगळं सांभाळावं लागतं. कापडी पिशव्यांच्या कोरड्या गाळणीत तसं होत नाही. वायू गरमच राहतो. मला या कहाणीत सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

कारण मोठ्या भट्टीच्या माथ्यावर वायूचा दाब हवेच्या दाबाच्या तिपटीच्या आसपास असतो. एके काळी तो झडपेतून नुसता सोडून देत. आता त्या वाटेवर टर्बाइन बसवतात. इथे काहीही जाळायचं नसतं, दाबाचा रेटाच चक्र फिरवतो. गरम वायू फुगलेला असल्याने त्याचा रेटा जास्त, म्हणून कोरड्या सफाईत वीजही जास्त मिळते. टनामागे 40 युनिट धरले, तर रोज 8000 टन लोखंड देणारी भट्टी 3 लाख 20 हजार युनिट वीज परत देते.

टर्बाइनमधून निघालेला वायू पुढे भट्टीत फुंकायची हवा तापवतो, उरलेला बॉयलरमध्ये जळतो. गोव्यात आमोण्याच्या लोखंड कारखान्यातही भट्टीच्या वायूवर वीज तयार होते.

कार्बनचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही. जळल्यावर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो चिमणीतून हवेत जातोच. धुळीचं तसं नाही, ती गाळणीत अडते. पण गाळणीची एखादी पिशवी फाटली की धूळ थेट टर्बाइनच्या पात्यांवर आदळते, त्यामुळे वीज हवी असणाऱ्याला त्या पिशव्यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.