उलटीची भीती आणि 'काही होणार नाही'चा सापळा

उलटी कुणालाच आवडत नाही. पण काही माणसांचा सगळा दिवस ती होऊ नये याच्या बंदोबस्तात जातो. पाकिटावरची तारीख दोनदा-तीनदा बघायची, वास घेऊन बघायचा, जरा शंका आली की ताट बाजूला सारायचं. बसमध्ये दाराजवळची जागा धरायची, नाट्यगृहात कडेची खुर्ची. घरात कुणाचं पोट बिघडलं की आपण दुसऱ्या खोलीत. पर्समध्ये मळमळीची गोळी आणि घडी घातलेली प्लॅस्टिकची पिशवी कायम. काही स्त्रिया मूल हवं असूनही गरोदरपण पुढे ढकलत राहतात, कारण पहिल्या महिन्यांतल्या उलट्यांची कल्पनाही त्यांना सोसवत नाही. काही जण इतकं कमी खातात की वजन उतरतं, आणि बघणाऱ्यांना वाटतं हा बारीक होण्याचा ध्यास आहे.

या भयगंडाला एमेटोफोबिया म्हणतात. तो बहुतेकदा लहानपणी किंवा किशोरवयात सुरू होतो. उपचारासाठी येणाऱ्यांत स्त्रियांचं प्रमाण बरंच जास्त असतं, आणि येईपर्यंत कित्येक वर्षं भीती लपवण्यात गेलेली असतात. 'एवढ्याशा गोष्टीला काय घाबरायचं' हे वाक्य त्यांनी पुष्कळदा ऐकलेलं असतं. यातल्या अनेकांना वर्षानुवर्षं एकदाही उलटी झालेली नसते. मग अनुभवातूनच भीती विरून का जात नाही?

कारण प्रत्येक वेळी श्रेय बंदोबस्ताला मिळतं. ताट बाजूला सारलं, उलटी झाली नाही, म्हणजे ताट सारल्यामुळे वाचलो. टाळल्याबरोबर जिवाला जी हुश्श वाटते, तीच टाळण्याची सवय पक्की करते. ओ. हॉबर्ट मावरर या मानसशास्त्रज्ञाने 1947 मध्ये भीतीची ही दुपदरी घडण मांडली होती: भीती एका प्रसंगातून जडते, आणि टाळण्यातून टिकते.

उलटीच्या बाबतीत शरीरही या चक्राला हातभार लावतं. पोटात काही विषारी गेलं, तर आतड्याच्या अस्तरातल्या खास पेशी सेरोटोनिन सोडतात आणि व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत मेंदूच्या देठाला निरोप जातो. तिथेच एरिया पोस्ट्रेमा नावाचा छोटासा भाग आहे. बाकीच्या मेंदूला रक्तातल्या पदार्थांपासून जो बंदिस्त पडदा असतो, तो इथे सैल आहे, त्यामुळे रक्तातलं विष या भागाला थेट ओळखता येतं. मग तोंडात पाणी सुटतं, श्वासनलिकेचं तोंड मिटतं, आणि श्वासपटल व पोटाचे स्नायू मिळून जठर दाबतात. हे सगळं ठरलेल्या क्रमाने होतं, आपोआप होतं आणि थोडक्या वेळात संपतं. शरीराचं ते संरक्षण आहे. उंदरांना उलटी करताच येत नाही, म्हणून तर उंदरांवरची विषं त्यांच्यावर चालतात.

भीतीचा मार्ग मात्र वेगळा आहे. घाबरल्यावर जठर रिकामं होण्याचा वेग मंदावतो. एरवी मिनिटाला साधारण 3 वेळा, अशा संथ लयीत चालणारं जठराचं आकुंचन बिघडतं, आणि पोटात ढवळल्यासारखं होतं. ज्याला उलटीचीच धास्ती आहे, तो या ढवळण्याकडे डोळ्यांत तेल घालून बघतो. लक्ष दिल्याने ते अधिक जाणवतं, अधिक जाणवल्याने भीती वाढते, भीतीने पोट आणखी ढवळतं. ही मळमळ अगदी खरी असते, मनाचे खेळ म्हणून ती उडवून लावू नये. पण मळमळ म्हणजे उलटीचा हुकूम नव्हे. बहुतेक वेळा ती येते, चढते आणि ओसरते. ओसरेपर्यंत तिथे थांबण्याची संधीच या माणसांनी स्वतःला दिलेली नसते.

ती संधी पायरीपायरीने देणं म्हणजे एक्सपोजर थेरपी. तिचं मूळ 1924 पर्यंत जातं. त्या वर्षी मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या लहानग्याची हकिगत प्रसिद्ध केली. पीटर सशाला घाबरायचा. जोन्स यांनी तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवला आणि हळूहळू जवळ आणला. शेवटी पीटर सशाला आपली बोटं कुरतडू देऊ लागला. मध्येच पीटर तापाने आजारी पडला, दवाखान्यातून परतताना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर आला, आणि ओसरलेली भीती पुन्हा उसळली. पायऱ्या पुन्हा चढाव्या लागल्या. पुढे 1950 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतले मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी या पद्धतीला शिस्त लावली: भीतीची उतरंड लिहून काढायची, स्वस्थ व्हायला शिकायचं, आणि सोप्याकडून अवघडाकडे जायचं.

उलटीच्या भीतीची उतरंड प्रत्येकाची वेगळी. कुणाला 'उलटी' हा शब्द लिहिणंच जड जातं, तर कुणाला शब्दाचं काही वाटत नाही पण बाहेर जेवायचं म्हटलं की घाम फुटतो. साधारणपणे शब्द, चित्रं, आवाज, चित्रफिती, मग वास, मग खोटी उलटी, असं पुढे सरकतात. सोबतीने गोल फिरणाऱ्या खुर्चीवर गरगर फिरून मुद्दाम थोडी मळमळ आणायची, आणि टाळलेले पदार्थ व जागा परत घ्यायच्या.

आवाजाची पायरी कशी चालते ते बघा. ऐकण्याआधी थेरपिस्ट विचारतात, काय होईल असं वाटतं? उपचाराला आलेली स्त्री लिहिते: 'मला उलटी होईल, आणि ते मला सहन होणार नाही.' मग कुणीतरी ओकत असल्याचा आवाज सुरू होतो. ती खुर्चीचा हात घट्ट धरते, पुन्हा पुन्हा आवंढा गिळते. 0 ते 100 च्या मापावर भीती 80. तोंडात गोळी ठेवायची नाही, मनात आकडे मोजायचे नाहीत, कान झाकायचे नाहीत. आवाज थांबल्यावर ती लिहिलेलं पुन्हा वाचते. उलटी झाली नाही. भीती अजून 70 वरच आहे. तरीही ही बैठक वाया गेली नाही, कारण वर्तवलेलं घडलं नाही आणि हे तिने कुठल्याही आधाराविना पाहिलं.

भीती ओसरेपर्यंत बसणं हाच उपचाराचा गाभा, असं पूर्वी मानत. मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रॅस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भर दिला तो वेगळ्या गोष्टीवर: अपेक्षा आणि घडलेलं यांत जितकी तफावत, तितकं शिकणं पक्कं. जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी एक नवी, तिला रोखणारी आठवण तयार होते. मानसशास्त्रज्ञ मार्क बाउटन यांच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसलं की ही नवी आठवण जागेला आणि परिस्थितीला चिकटून असते. जागा बदलली किंवा बराच काळ गेला की जुनी भीती डोकं वर काढते. पीटरची भीतीही अशीच पुन्हा उसळली होती, फक्त तिथे निमित्त कुत्र्याचं होतं. म्हणून दवाखान्यात जमलेली गोष्ट घरी, प्रवासात, एकट्याने आणि चारचौघांतही करून बघायची.

वासाच्या पायरीबाबत एक लक्षात राहणारा प्रयोग आहे. 2001 मध्ये रेचल हर्झ आणि ज्यूलिया फॉन क्लेफ यांनी ब्युटिरिक आणि आयसोव्हॅलेरिक आम्लांचं मिश्रण लोकांना हुंगायला दिलं. एकदा सांगितलं हे पार्मेझान चीज आहे, एकदा सांगितलं ही उलटी आहे. बाटलीत तेच होतं, पण चीज म्हटल्यावर वास बरा वाटला आणि उलटी म्हटल्यावर किळसवाणा. म्हणजे किळस वासाइतकीच त्याला दिलेल्या नावातूनही येते.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पायरी मात्र खोट्या उलटीची. घट्ट सूप तोंडात घ्यायचं, टॉयलेटपाशी गुडघ्यांवर बसायचं, आणि आवाज करत ते टाकून द्यायचं. वरवर पाहता हा पोरखेळ वाटेल. पण तिने लिहिलेल्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग इथेच पारखला जातो: 'सहन होणार नाही.' 'उलटी होणार नाही' एवढंच शिकून भागत नाही, कारण आयुष्यात कधीतरी ती होतेच, आणि त्या दिवशी सगळी कमाई ढासळते. 'झाली तर होईल, आणि मग संपेल' हे शिकलं, तर एखाद्या आजारपणाने ते मोडत नाही. यासाठी खरी उलटी मुद्दाम काढायची गरज नसते, आणि काढूही नये. जठरातलं आम्ल दातांना आणि अन्ननलिकेला इजा करतं.

घरच्यांची अडचण इथेच होते. 'हे शिळं नाही ना?' असं विचारल्यावर 'नाही गं, काही होणार नाही तुला' हे उत्तर मायेपोटीच येतं. पण हे आश्वासन पर्समधल्या गोळीचंच काम करतं. घटकाभर बरं वाटतं आणि थोड्या वेळाने तोच प्रश्न परत येतो. त्याऐवजी 'तुला आत्ता खूप भीती वाटतेय ना, मी आहे इथे' एवढं म्हणून थांबणं जास्त उपयोगी. ते आधी तिच्याशी बोलून ठरवावं, अचानक तोडू नये. आणि भीती मोडायची म्हणून तिला फसवून, नकळत असं काही दाखवणं तर मुळीच करू नये. पुढची पायरी तिच्या संमतीनेच.

या भयगंडावरचं संशोधन इतर भयगंडांच्या मानाने थोडं आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत 24 जण होते. 12 बैठकांच्या कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीनंतर (भीतीमागचे विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारा उपचार) उपचार मिळालेल्यांपैकी निम्म्यांमध्ये ठळक सुधारणा दिसली, तर प्रतीक्षायादीतल्या 12 जणांपैकी फक्त 2 जणांत. निम्मे म्हणजे सगळे नव्हेत. काहींना जास्त वेळ लागतो, काहींना लहानपणच्या एखाद्या भयंकर आठवणीवर वेगळं काम करावं लागतं. वजन घटत असेल, किंवा मळमळ भीतीशिवायही होत असेल, तर आधी डॉक्टरांकडून पोटाची तपासणी करून घ्यावी. आणि थेरपिस्ट निवडताना विचारावं, की तुम्ही एक्सपोजर करून घेता का, की नुसतं बोलता?