डिस्ट्रोफिन किती टक्के? एका आकड्याची पार्श्वभूमी

डिस्ट्रोफिन हे स्नायूंतलं एक प्रथिन. ते कमी पडलं की स्नायू हळूहळू झिजत जाण्याचा वंशागत आजार होतो. अशा मुलाच्या बायोप्सीच्या (स्नायूचा तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या) रिपोर्टवर 'डिस्ट्रोफिन ४ टक्के', म्हणजे निरोगी स्नायूच्या तुलनेत ४ टक्के, असं लिहिलेलं दिसलं की घरच्यांच्या तोंडी एकच प्रश्न येतो : म्हणजे हा किती वर्षं चालू शकेल? आकड्यावरून याचं उत्तर देता येईल, ही आशाच मुळी १९८८ नंतरची.

त्याआधी डॉक्टरांची सगळी भिस्त डोळ्यांवर होती. १८५२ मध्ये लंडनच्या एडवर्ड मेरियन यांनी या आजारावर लिहिलं आणि स्नायूतंतूचं आवरणच तुटून नष्ट होतं, अशी नोंद केली. पुढे आजाराला नाव मिळालं ते फ्रान्सच्या ड्यूशेन यांचं. मेरियन यांचं निरीक्षण किती अचूक होतं, हे कळायला मात्र सव्वाशेहून अधिक वर्षं गेली. १८७९ मध्ये ब्रिटिश डॉक्टर गॉवर्स यांनी टिपलेली खूण आजही तपासतात : जमिनीवरून उठताना मूल आधी ओणवं होतं, मग हात गुडघ्यांवर, मांड्यांवर टेकत जणू स्वतःच्याच अंगावर चढत उभं राहतं. १९५५ मध्ये जर्मनीच्या बेकर यांनी असाच, आईकडून मुलाकडे येणारा, पण बराच सौम्य आजार मांडला. त्यातले रुग्ण मोठेपणीही चालत होते. हे दोन आजार की एकाच आजाराची दोन रूपं?

बोस्टनमध्ये लुई कुंकेल यांच्या गटाने १९८६ मध्ये या आजाराचं जनुक शोधलं आणि १९८७ मध्ये त्याचं प्रथिन, डिस्ट्रोफिन. हे प्रथिन स्नायूपेशीच्या आतला सांगाडा तिच्या आवरणाशी बांधून ठेवतं. ते नसेल तर स्नायू आकसताना आवरणाला चिरा पडत जातात. पुढच्याच वर्षी याच गटाने रुग्णांच्या स्नायूंत ते मोजलं. ड्यूशेनच्या मुलांत ३ टक्क्यांहून कमी, मधल्या तीव्रतेच्या रुग्णांत साधारण ३ ते १० टक्के, सौम्य बेकरमध्ये २० टक्के किंवा जास्त. चित्र फार स्वच्छ वाटलं.

ड्यूशेन आणि बेकरमधल्या या फरकाचं कारणही १९८८ मध्येच पुढे आलं. जनुकाचा मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो. 'मदन बघत बसला' यातला 'बघत' गाळला तर 'मदन बसला' उरतं. वाक्य तोकडं, पण अर्थ शाबूत. हे बेकर. फक्त 'द' गाळला आणि पुन्हा तीन-तीन अक्षरं जुळवली, तर 'मनब घतब सला', म्हणजे पुढचं सगळंच निरर्थक. हे ड्यूशेन. (अपवाद आहेत, पण बहुतेकांना हा नियम लागू पडतो.)

१९९० मध्ये इंग्लंडमधल्या एका कुटुंबाने सगळ्यांना चकित केलं. जनुकातला प्रथिनाचा जवळपास ४६ टक्के मजकूर गायब, तरीही त्यातले एक गृहस्थ ६१ व्या वर्षी चालत होते! म्हणजे प्रथिनाचा कुठला भाग उरला आहे, हे निदान प्रमाणाइतकंच महत्त्वाचं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा रुग्ण हाच.

२०१४ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी बेकरचे रुग्ण तपासले. १० टक्क्यांखालच्यांचा आजार लवकर बळावला होता, पण त्यावर १० ते ४० आणि ४० हून जास्त यांच्यात ठळक फरक दिसेना. अगदी तळाशी मात्र कणही मोलाचा ठरतो. २०२१ च्या फ्रेंच अभ्यासात अर्ध्या टक्क्याच्या आसपासचं डिस्ट्रोफिनही काही वर्षं जास्त चालण्याशी जोडलेलं आढळलं.

औषधांवरचे वाद इथूनच उगवले. अमेरिकेत २०१६ मध्ये एटेप्लिरसेन या ड्यूशेनवरच्या औषधाला मंजुरी मिळाली, तेव्हा दीर्घ उपचारानंतरचं सरासरी डिस्ट्रोफिन १ टक्क्याहूनही कमी होतं. एवढ्याने काय साधेल, यावर तज्ज्ञांत उघड मतभेद झाले. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या जनुक-उपचारात त्या इंग्लिश गृहस्थांच्या प्रथिनाहूनही छोटं, मुद्दाम कापून बसवलेलं मायक्रोडिस्ट्रोफिन वापरतात. ते स्नायूत ५० टक्के दिसलं, तरी मूळ प्रथिनाच्या ५० टक्क्यांशी त्याची तुलना होत नाही. म्हणून रिपोर्ट हाती आला की टक्क्यांसोबत डॉक्टरांना हेही विचारा : कुठलं डिस्ट्रोफिन, आणि मोजलं कसं?