फिश टँकचे निर्जंतुकीकरण

फिश टँकचे निर्जंतुकीकरण : माशांमध्ये रोगाची साथ येऊन गेल्यावर घरातील काचटाकी, तिची उपकरणे आणि सजावट यांवर उरलेले रोगजंतू मारण्याची प्रक्रिया. मुंबईच्या घरांत ती बहुधा भलत्याच रोगासाठी केली जाते. पांढरे ठिपके दिसले की सगळी टाकी ब्लीचने घासून काढतात. उलट महिनोन्‌महिने एकेक मासा खंगून मरत असेल, तर नुसते पाणी बदलत राहतात.

ठिपक्यांचा रोग, ज्याला दुकानदार ‘इक’ म्हणतात, तो इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस या एकपेशीय परजीवीमुळे होतो. परजीवी पुरेसा वाढला की माशाच्या अंगावरून सुटतो, तळाच्या खड्यांना चिकटतो, भोवती आवरण तयार करतो आणि विभागत जाऊन शेकडो पिल्ले पाण्यात सोडतो. या पिल्लांना दोनएक दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. सुप्तावस्थेत पडून राहण्याची सोय या परजीवीला नाही. मुंबईत टाकीचे पाणी वर्षातले बरेच दिवस 26 अंश सेल्सियसच्या वर असते आणि त्या तापमानाला हे सारे चक्र साधारण आठवड्यात उरकते. तेव्हा मासे दुसऱ्या भांड्यात हलवून तिथे त्यांच्यावर उपचार करावेत आणि मूळ टाकी दोन आठवडे माशांविना ठेवावी, एवढे पुरते. फिल्टर मात्र बंद करू नये. रोज चिमूटभर खाद्य टाकत राहावे. ते कुजून अमोनिया होतो आणि त्यावर फिल्टरमधले उपयोगी जीवाणू तगतात. या रोगात ब्लीच वापरणे म्हणजे ढेकणासाठी घर जाळणे.

जीवाणूंच्या साथीचे तसे नाही. फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलम्नेरने तोंडाभोवती कापसासारखा थर येतो आणि मासे दोन-चार दिवसांत पटापट मरू शकतात. अशा वेळी, किंवा निम्मी टाकी कशाने मेली हेच कळले नसेल तर, पूर्ण निर्जंतुकीकरण करावे. एरोमोनससारखे काही जीवाणू मात्र कुठल्याही पाण्यात असतातच. ते टाकीतून कायमचे घालवता येत नाहीत, फक्त त्यांची संख्या कमी करता येते.

घरगुती निर्जंतुकीकरणाचे मुख्य साधन क्लोरिन. तो वापरण्याआधी टाकी स्वच्छ धुवावी लागते, आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात. शेवाळ, विष्ठा, काचेवरचा बुळबुळीत थर हे सारे क्लोरिन खाऊन टाकतात, मग जंतूंसाठी काही उरत नाही. पाणी काढताना सायफनची नळी तोंडाने ओढायची सवय अनेकांना असते. आजारी टाकीच्या बाबतीत ती अगदी वर्ज्य. नळी आधी पाण्याने भरून, टोकावर अंगठा ठेवून सोडावी. तळाचे खडे आणि फिल्टरचा स्पंज सरळ फेकून द्यावा. नवे खडे स्वस्त असतात आणि जुन्या खड्यांच्या फटींत ब्लीच पोहोचेलच असे नाही. लाकूडही फेकावे, कारण ते ब्लीच शोषून घेते आणि पुढे ते हळूहळू पाण्यात सोडत राहते.

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे 56 लिटर पाणी मावते. बाजारातले साधे ब्लीच चार टक्क्यांचे असेल, तर लिटरमागे 5 मिली घातल्यावर क्लोरिनचे प्रमाण 200 मिलिग्रॅमवर येते. म्हणजे या टाकीला 280 मिली. जाळी, एअर पंपची नळी, प्लास्टिकची झाडे त्याच पाण्यात बुडवून तासभर ठेवावीत. काच आणि सिलिकॉनचे सांधे यांना एवढ्याने काही होत नाही. सुगंधी किंवा फेस येणारे ब्लीच नको. त्यातला साबण माशांच्या कल्ल्यांना घातक असतो.

सोसायटीची टाकी धुताना उरलेली ब्लीचिंग पावडर अनेकांना आयती मिळते. ताज्या पावडरीत तीसएक टक्के क्लोरिन असतो, पण उघड्या पुडीतली पावडर जुलैच्या दमट हवेत गोळे धरते आणि तिचा जोर जातो. तिची निवळी वापरावी, खालचा चुन्याचा गाळ टाकीत जाऊ देऊ नये.

टँकरच्या पाण्याने काचेवर पांढरे डाग पडले असतील तर ते काढण्यासाठी लोक बाथरूमचे ॲसिड किंवा व्हिनेगर घेतात. ब्लीच असताना यांतले काहीही टाकीच्या जवळपास आणू नये. दोन्ही मिसळले की क्लोरिन वायू सुटतो, आणि आपल्याकडच्या चार बाय चारच्या मोरीत तो श्वास कोंडायला पुरेसा असतो.

नंतर दोन-तीनदा धुऊन उरलेला क्लोरिन मारण्यासाठी सोडियम थायोसल्फेट वापरतात. हेच ‘हायपो’, दुकानात मिळणाऱ्या अँटी-क्लोरिनमध्ये बहुधा तेच असते. एक मिलिग्रॅम क्लोरिनला साधारण सात मिलिग्रॅम हायपोचे स्फटिक लागतात. वास गेला म्हणजे क्लोरिन गेला असे समजू नये. चाचणीच्या थेंबांनी खात्री करावी. शेवटी टाकी गॅलरीत उन्हाला कोरडी करतात. मे महिन्यात हे एका दिवसात होते. पावसाळ्यात तीच टाकी चार दिवस ओलसर राहते, त्यामुळे तेव्हा सुकवण्यावर भरवसा ठेवता येत नाही.

खंगून मरणाऱ्या माशांची गोष्ट निराळी. पोट आत गेलेले, पाठ वाकलेली, अंगावर न भरणाऱ्या जखमा, आणि औषध लागू पडत नाही, अशी लक्षणे दिसली तर माशांच्या क्षयाची शंका घ्यावी. त्याला कारण असलेला मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जीवाणू 1926 मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील माशांमध्ये ओळखला गेला. त्याच्या पेशीभोवतीचे मेणचट आवरण क्लोरिनला बरेच दाद देत नाही. त्यामुळे इथे ब्लीचने धुऊन सुकवलेली काच 70 टक्के अल्कोहोलने पुसावी लागते, आग आणि ठिणगी दूर ठेवून. टाकी ॲक्रिलिकची असेल तर अल्कोहोलने तिला बारीक चिरा पडतात. ती टाकून देणेच बरे. हा जीवाणू माणसाच्या हातावरच्या जखमेतूनही शिरतो आणि बोटांवर, मनगटावर हळूहळू वाढणाऱ्या गाठी येतात. टाकी साफ करताना रबरी हातमोजे घालावेत. गाठ आलीच तर घरात फिश टँक आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगावे, कारण तसे न विचारणारे डॉक्टर बरेच असतात.

निर्जंतुक टाकी ही माशांच्या दृष्टीने ओसाड टाकी असते. अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जीवाणूही रोगजंतूंबरोबर मेलेले असतात, आणि ते पुन्हा स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातही क्लोरिन असतोच, कारण भांडुप आणि पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रांतून ते क्लोरिन घालूनच शहरात येते. म्हणून भरतानाही अँटी-क्लोरिन हवे. मित्राच्या टाकीतला जुना स्पंज आणला तर जीवाणू लवकर बसतात, पण त्याबरोबर त्याच्याकडचे रोगही येऊ शकतात. क्रॉफर्ड मार्केटहून आणलेले नवे मासे आधी दोन ते चार आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावेत, पिशवीतले पाणी टाकीत न ओतता मोरीत ओतावे, आणि त्या भांड्याची जाळी वेगळ्या खिळ्याला टांगावी.