फ्रँचायझी संघ : मालकी, मूल्य आणि स्थलांतर

व्यावसायिक लीगमध्ये शहराच्या नावाने खेळणारा संघ बहुधा त्या शहराच्या मालकीचा नसतो. संघ चालवण्याचा हक्क लीग ठरावीक अटींवर विकते आणि एखादी कंपनी किंवा उद्योगसमूह तो विकत घेतो. या हक्काला फ्रँचायझी म्हणतात. शहराला या व्यवहारात सहीचा अधिकार नसतो.

सोलापूरला याचा अनुभव थोड्याच काळात आला. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने 2023 मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू केली, तेव्हा सहा संघांत ‘सोलापूर रॉयल्स’ होता आणि फिरकीपटू विकी ओस्तवाल त्याचा मुख्य चेहरा होता. पुढच्याच हंगामात सोलापूरच्या जागी ‘रायगड रॉयल्स’ आला. स्पर्धा पुण्याजवळ गहुंजे येथे भरत असल्याने या बदलासाठी ना मैदान सोडावे लागले, ना तिकीटधारकांची समजूत काढावी लागली. पाहुण्या मैदानावर खेळणारा संघ हलवणे किती सोपे असते, ते यातून दिसते. सोलापूरचाच अर्शिन कुलकर्णी 2023 मध्ये नाशिकच्या संघाकडून उतरला आणि पुणेरी बाप्पाविरुद्ध त्याने 54 चेंडूंत 13 षटकारांसह 117 धावा कुटल्या. खेळाडूचे गाव आणि संघाचे गाव यांची अशी फारकत फ्रँचायझी पद्धतीत नेहमीचीच आहे. महिलांच्या लीगमध्ये 2025 साली सोलापूरचे नाव पुन्हा आले; सामने मात्र गहुंज्यालाच झाले. वास्तविक सोलापूरच्या पार्क मैदानावर जानेवारी 2024 मध्ये महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला होता. या शहराला घरचे सामने मिळायला हवेत.

संघाची किंमत मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: लीगमधल्या जागा मोजक्या असणे आणि प्रक्षेपण हक्कांतून मिळणारा वाटा. आयपीएलमध्ये 2008 साली सर्वांत महाग ठरलेला मुंबईचा संघ 11.19 कोटी डॉलरला गेला होता. 2021 मध्ये लखनौच्या नव्या संघासाठी 7,090 कोटी रुपयांची बोली लागली. पुढे 2023 ते 2027 या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटींना विकले गेले. तिकीटविक्रीचा वाटा त्यापुढे किरकोळ, म्हणून मालकाला गावातल्या प्रेक्षकाची गरजही कमी भासते.

स्थलांतराची सर्वाधिक उदाहरणे अमेरिकेत आहेत. बहुतेकदा वाद नव्या स्टेडियमचा खर्च कोणी करायचा, यावरून पेटतो. बाल्टिमोर कोल्ट्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ मार्च 1984 मध्ये एका रात्रीत ट्रकांत सामान भरून इंडियानापोलिसला गेला, कारण बाल्टिमोर ज्यात येते ते मेरीलँड राज्य तो ताब्यात घेण्यासाठी कायदा करत होते. क्लीव्हलँडचा संघ 1996 मध्ये बाल्टिमोरला नेण्यात आला, पण क्लीव्हलँड शहराने लढून ‘ब्राउन्स’ हे नाव, रंग आणि सारे विक्रम राखून घेतले. 1999 मध्ये क्लीव्हलँडमध्ये त्याच नावाने नवा संघ उभा राहिला. नावावर गावाचा हक्क असतो, हे मान्य करून घेणारा हा तोडगा अधिक लीगनी स्वीकारायला हवा.

याहून पक्का बंदोबस्त ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा आहे. सुमारे एक लाख वस्तीच्या गावातला हा संघ 1923 पासून लोकांच्या मालकीचा आहे आणि आज त्याचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत; संचालक मंडळ तेच निवडतात. सोलापूर जिल्ह्यातल्या सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाला संचालक मंडळ निवडण्याची ही रीत ओळखीची वाटेल. मात्र कारखान्याचा सभासद उसाचा भाव मागतो, लाभांशाची अपेक्षा ठेवतो. पॅकर्सच्या भागधारकाला लाभांश कधीच मिळत नाही आणि शेअर बाजारात विकून नफाही करता येत नाही. उद्या क्लब विकला, तरी आलेला पैसा धर्मादाय प्रतिष्ठानाला जाईल, असा नियमच असल्याने विकण्यात कोणाही भागधारकाचा फायदा नाही.