दुसऱ्याच्या पेटंटला हरकत घेताना : आधीचा व्हॉल्व्ह पुराव्यात कसा आणायचा

गोव्यातल्या वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्याला कुणाच्या पेटंट अर्जाचा सुगावा लागला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "हे तर आम्ही कधीपासून बनवतो!" कायद्याला हे चालतं, पण कागदावर.

अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कोणीही हरकत घेऊ शकतो. पेटंट कायदा १९७०, कलम २५(१), फॉर्म ७ए. पूर्वी ही हरकत फुकट होती. २०२४ च्या दुरुस्तीनंतर शुल्क पडतं. मंजुरी प्रसिद्ध झाल्यावर एक वर्षाच्या आत फॉर्म ७ भरता येतो, पण तेव्हा हितसंबंध दाखवावा लागतो. त्याच क्षेत्रात उत्पादन किंवा संशोधन करणाऱ्याला ते अवघड नाही. अर्जदार गोव्याचा असेल तर प्रकरण मुंबईच्या पेटंट कार्यालयात चालतं. तो चेन्नई कार्यालयाच्या हद्दीतला असेल तर हरकतही तिकडेच. तुम्ही कुठले, याने फरक पडत नाही.

खरी मेहनत पुढे आहे. जुना व्हॉल्व्ह नव्यासारखा दिसतो एवढ्याने नावीन्य मोडत नाही. क्लेममधली (अर्जदार ज्यावर हक्क मागतो, त्या अर्जातल्या वर्णनातली) प्रत्येक गोष्ट एकाच जुन्या दस्तऐवजात सापडावी लागते. समजा क्लेममध्ये सीट, स्प्रिंग आणि डिस्कमधलं दाब सोडणारं भोक, असे तीन भाग आहेत. जुन्या कॅटलॉगात सीट आणि स्प्रिंग आहे, भोक नाही. मग नावीन्याचा मुद्दा तिथेच संपतो. भोक दुसऱ्या कागदात सापडलं, तरी दोन्ही जोडून "हे त्या कामातल्या कुशल माणसाला सहज सुचलं असतं" हा वेगळा मुद्दा मांडावा लागतो. तो हरकतीच्या वेगळ्या आधाराखाली स्पष्ट लिहा. दोन्हींची सरमिसळ फार जण करतात. म्हणून आधी तक्ता करा : डावीकडे क्लेमचा एकेक भाग, उजवीकडे जुन्या कागदाचं पान आणि आकृती. माझ्या मते निम्मी हरकत या तक्त्यातच असते.

दुसरी अडचण तारखेची. कॅटलॉग अर्जाच्या अग्रक्रम तारखेआधी (त्या शोधासाठी पहिला अर्ज दाखल झाला त्या तारखेआधी) प्रसिद्ध झालेला हवा. तारीख छापलेली नसेल तर त्याच मॉडेल क्रमांकाची जुनी बिलं, डिलिव्हरी चलनं, तो व्हॉल्व्ह विकणाऱ्याचं किंवा बसवणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. छापील कागद परदेशातला असला तरी चालतो. नुसता वापर दाखवायचा असेल तर तो भारतातला आणि उघड असावा लागतो. कारखान्याच्या कपाटात पडून राहिलेलं ड्रॉइंग सहसा कामाचं नाही. कागद पोर्तुगीजमध्ये असेल (गोव्यात असे निघतात) तर प्रमाणित इंग्रजी किंवा हिंदी भाषांतर जोडा. एजंट नेमलात तर त्याला अधिकार देणारा फॉर्म २६ भरा.

अर्जदाराला उत्तरासाठी दोन महिने मिळतात. मंजुरीपूर्व हरकत फेटाळली गेली तर त्यावर कलम ११७ए खाली अपील नाही. हितसंबंध असेल तर मंजुरीनंतरची हरकत मात्र घेता येते. तिच्या निकालावर उच्च न्यायालयात जाता येतं. मंजुरीनंतरची हरकत आणि पेटंट रद्द करण्याचा अर्ज या दोन्ही वाटा एकाच माणसाला धरता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं आहे. तेव्हा फॉर्म ७ भरण्याआधीच वकिलाशी बोलून घ्या.