पिंपभर ऊन आणि एक जुनी चादर

नाशिकात गच्चीवर मिरीची वेल लावायची हौस कोकणातून आलेल्या माणसालाच होणार. दिवाळीपर्यंत वेल मजेत असते. मग एका रात्री वारा पडतो, आभाळ लख्ख होतं आणि सकाळी पानं पोळल्यासारखी काळवंडलेली दिसतात. चारी बाजूंनी प्लास्टिक लावलेलं असूनही!

यासाठी पारा शून्यावर यावा लागत नाही. पेशीभोवतीचं आवरण स्निग्ध पदार्थांचं असतं. थंडीत खोबरेल बाटलीत थिजतं, तसं उष्ण प्रदेशातल्या झाडांचं हे आवरण दहा-बारा अंशांखाली ताठर होऊ लागतं आणि पेशी गळक्या होतात. जळगावकडे केळीला हा फटका बसला की ‘चरका’ म्हणतात.

आपण समजतो की थंडी फटीतून आत शिरते. खरं तर ऊब वर निघून जाते. प्रत्येक वस्तू डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात उष्णता टाकत असते आणि कोरड्या, निरभ्र रात्री आभाळाकडून त्या मानाने फार थोडी परत येते. दर चौरस मीटरला 80 ते 100 वॅटचा हा तोटा. रॉबर्ट बार्कर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने 1775 मध्ये अलाहाबादकडची बर्फ करण्याची पद्धत लिहून ठेवली आहे. खड्ड्यात उसाची किंवा मक्याची वाळकी ताटं अंथरायची, वर मातीची उथळ भांडी पाणी भरून ठेवायची. आसपासच्या डबक्यांत बर्फ कधी दिसत नसे, या भांड्यांत मात्र पहाटे पापुद्रा धरायचा. खालून जमिनीची ऊब ताटांनी अडवलेली, वर आभाळ मोकळं. आपली मिरी नेमकी त्या भांड्याच्या जागी असते.

आणि साधं पॉलिथिन या किरणांना बरंचसं आरपार जाऊ देतं. काच अडवते, पॉलिथिन नाही. शिवाय आतली हवा कोंडलेली, ती बाहेरच्या जरा उबदार हवेशी मिसळत नाही. त्यामुळे शांत रात्री प्लास्टिकच्या खोपटात बाहेरच्यापेक्षा एखादा अंश कमीच भरतो. अशा वेळी ‘हरितगृह’ हे नाव थट्टेचं वाटतं. आतून दव धरलं तर उलट बरं, कारण पाण्याचा थर हे किरण अडवतो.

विल्यम वेल्स या डॉक्टरला माळ्यांची गंमत वाटायची. पातळ चटईने नाजूक रोपाचं थंडीपासून काय रक्षण होणार? दवावर प्रयोग केल्यावर त्याला कळलं की चटई हवेशी झुंजत नसते, ती रोप आणि आभाळ यांच्यामध्ये उभी असते. 1814 च्या आपल्या निबंधात त्याने ही चूक मोकळेपणाने कबूल केली. म्हणून रात्रीची चादर बाजूंआधी डोक्यावर हवी. जुनी चादर, गोणपाट, काहीही चालेल. फक्त पानांना टेकू देऊ नका.

चादर असलेली ऊब राखते, नवी देत नाही. त्यासाठी पाणी. 200 लिटरचं पिंप काळं रंगवून उन्हात ठेवा. त्यातलं पाणी रात्रीतून दहा अंश निवलं तर सुमारे 2.3 युनिट (किलोवॅट-तास) उष्णता बाहेर पडते, म्हणजे बारा तास जवळजवळ 190 वॅट. दोन बाय तीन मीटरच्या छपरातून उघड्यावर 500 वॅट जातात. मध्ये एक पडदा आला की किरणांनी जाणारी उष्णता साधारण निम्मी होते. दोन पिंपांत हिशेब बसतो, बाजूंची गळती फार नसेल तर. एका पिंपाऐवजी पाच-पाच लिटरचे कॅन ठेवले तर पृष्ठभाग वाढतो आणि ऊब लवकर घेतली-दिली जाते.

मेणबत्तीचा सल्ला हमखास मिळतो. ती साठेक वॅट देते, पण धुरातल्या इथिलीनने ऑर्किडच्या कळ्या गळतात. कोळशाची शेगडी तर बंद जागेत नकोच. कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो. निफाडकडे द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवतात, तिथेही काम करते ती आगीची ऊब. धुराचे कण इतके बारीक असतात की हे लांब लहरींचे किरण त्यांच्यातून सहज निसटतात.

सकाळी ऊन आलं की चादर काढायला विसरू नका, नाहीतर पिंप तापणारच नाही. ढगाळ दिवशी ते तसंही तापत नाही. पण ढग रात्रीही टिकले, तर चादरीचं काम तेच करतात.