गाय का उलटते? विदर्भातल्या रेतनामागची गोष्ट

विदर्भातल्या कुठल्याही पशुवैद्यकीय दवाखान्यासमोर सकाळी अर्धा तास थांबलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "साहेब, गाय पुन्हा उलटली जी." म्हणजे कृत्रिम रेतन केलं, पण गाभण राहिली नाही, 21 दिवसांनी परत माजावर आली. मालक कांडीला, म्हणजे गोठवलेल्या रेताच्या नळीला, दोष देतो, रेतन करणारा गाईच्या आरोग्याला. दोघांचंही काही अंशी खरं असतं. पण माझ्या मते मूळ दुखणं जुनं आहे. गाईचा माज ओळखणारे डोळे गावातून गेले आणि त्या जागी दुसरी काही सोय झालीच नाही.

पूर्वी गावची ढोरं सकाळी आखरावर जमायची. तिथून गायकी त्यांना रानात न्यायचा. गोवारी आणि नंद गवळी समाजातल्या कित्येक पिढ्या याच कामात गेल्या. कळपात वळू असायचा, त्यामुळे माज 'शोधावा' लागत नसे. वळू गाईच्या मागे फिरायचा, वास घ्यायचा आणि नेमकी वेळ गाठायचा. संध्याकाळी गायकी दारात येऊन सांगून जायचा, "तुमची चांदी लागली जी आज." घरची बाई तेवढ्यावरून नऊ महिने नऊ दिवस मोजून विण्याचा अंदाज बांधायची.

याच पद्धतीतून गवळाऊ ही गाईची जात घडली. वर्धा जिल्ह्यातला आर्वी, आष्टी, कारंजा हा पट्टा तिचं माहेर. पांढरी-करडी, अंगानं हलकी, पायानं चपळ. मराठ्यांच्या फौजांसाठी डोंगराळ वाटेनं झपाट्यानं ओझी वाहणारे बैल म्हणून या जातीची नोंद आहे. दूध मात्र बेताचंच, एका वेतात साधारण 500 ते 700 लिटर. गवळ्यांनी पिढ्यानपिढ्या निवड केली ती पायांची, कासेची नव्हे. म्हशीत इथली नागपुरी, तलवारीसारख्या लांब शिंगांची. तिला एलिचपुरी असंही म्हणत, एलिचपूर म्हणजे आजचं अचलपूर.

ही पद्धत निर्दोष होती असं मी म्हणणार नाही. एकच वळू वर्षानुवर्षं कळपात राहिला की त्याच्याच कालवडी त्याला लागायच्या. सांसर्गिक गर्भपातासारखे रोग एका गाईकडून दुसरीकडे जायचे. शिवाय धष्टपुष्ट गोऱ्हे बडवून, म्हणजे खच्ची करून, नांगराला जुंपायचे आणि जो उरेल तो वळू, हीही रीत होतीच. 1941 साली वर्ध्यात जमनालाल बजाजांनी गांधीजींच्या प्रेरणेनं गोसेवा संघाचं काम हाती घेतलं, तेव्हा गोवंश सुधारण्याची चर्चा याच भागात जोर धरू लागली होती. फेब्रुवारी 1942 मध्ये जमनालालजी गेले. शेवटचे महिने त्यांनी गाईच्या कामालाच दिले होते.

कृत्रिम रेतन आपल्या देशात आलं 1939 मध्ये, म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत. 1942 पासून उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत त्यावर पद्धतशीर काम सुरू झालं. पहिल्या पंचवार्षिक योजनेत 'की व्हिलेज' योजना निघाली. तिचे दोन हात होते: निवडक वळूंचं रेत गावात पोचवायचं आणि गावठी वळूंचं खच्चीकरण करायचं. सुरुवातीला रेत बर्फावर थंड ठेवून न्यायचे, ते दोन-तीन दिवसच टिकायचं. 1949 मध्ये इंग्लंडमध्ये ग्लिसरीन घालून रेत गोठवता येतं हे सापडलं आणि चित्र बदललं. उणे 196 अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये कांडी वर्षानुवर्षं टिकते. जर्सी आणि होल्स्टिन या विदेशी दुधाळ जातींचं रेत मग आडगावापर्यंत पोचलं. राज्याचं पशुधन विकास मंडळ आज हे काम पाहतं.

पण कापसाच्या मुलखात गाय पाळली जायची ती मुख्यतः बैलासाठी. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नाही, जू ठरत नाही, उन्हात धापा टाकतो, ही शेतकऱ्याची तक्रार खरी होती. वळू मात्र तोवर कळपातून गेला होता. पुढे गायकीही गेला, कारण गायरानं आक्रसली आणि ढोरं दावणीला आली.

दावणीला बांधलेली गाय माज दाखवणार कुणाला? तो 12 ते 18 तासांचा असतो. ती हंबरते, चारा सोडते, काचेसारखी स्वच्छ बळस, म्हणजे चिकट स्राव, टाकते, दुसरी गाय अंगावर चढली तर स्थिर उभी राहते. माज ओसरल्यावर सुमारे दहा-बारा तासांनी बीजांड सुटतं आणि ते काही तासच जगतं. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. आमच्या कोठ्यातली एक गाय अशीच तीनदा उलटली. चौथ्या वेळी रेतन करणाऱ्यानं घाई केली नाही. चिमट्यानं कांडी काढली, थर्मामीटर लावलेल्या 37 अंशाच्या पाण्यात 30 सेकंद धरली, कोरडी पुसली, टोक कापलं. डावा हात आत घालून गर्भाशयाचं मुख धरलं आणि रेत मुखाच्या जरा पुढे सोडलं. एवढं सगळं नीट करूनही त्यानं आधी विचारलं होतं ते एकच: "बळस कधी दिसली?" आईनं पहाटे चारला पाहिली होती. ती गाय राहिली.

सगळ्याच जनावरांत अशी घड्याळाची कसरत नसते. विदर्भात फिरणाऱ्या कच्छी रबारींच्या उंटिणीला गाईसारखा ठरावीक ऋतुचक्रावर बीजांड सोडायचा नियम नाही. मीलन झालं की त्यानंतर ते सुटतं. उंटाचा दक्षिण अमेरिकेतला भाऊबंद लामाही तसाच. त्याच्या वीर्यातच बीजांड सोडायला लावणारं प्रथिन असतं, ते 2012 मध्ये ओळखलं गेलं. तिथं नर सोबत असला की वेळेचा प्रश्न बराचसा सुटतो. गाईचं घड्याळ मात्र आतून चालतं. नर नसला की ते वाचायचं काम माणसावर येतं.

आणि हे घड्याळही आपण बिघडवलं आहे. ज्वारी घटून सोयाबीन वाढलं तसा कडबा कमी झाला, कुटारावर, म्हणजे सोयाबीनच्या भुसकटावर, भागवायची वेळ आली. पोटाला उणं पडलं, खनिजं मिळाली नाहीत की गाय विल्यावर महिनोन् महिने माजावरच येत नाही. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर गेला की माज मुका होतो, बाहेरून दिसत नाही, म्हशीचा तर फारच. शेतकरी आत्महत्यांनंतर आलेल्या 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत दुधाळ जनावरं वाटली गेली. हिरवा चारा, पाणी, सावली हे ज्याच्याकडे मुळात नव्हतं, त्याच्या दारी दुधाची गाय जड झाली.

आता लिंगनिश्चित रेत आलं आहे. दहापैकी नऊ कालवडी होतात, आणि ट्रॅक्टरच्या दिवसांत गोऱ्हा नकोच असणाऱ्याला ते सोयीचं आहे. पण नेहमीच्या कांडीत दोन कोटींच्या आसपास शुक्राणू असतात, तर या कांडीत साधारण वीस लाख. म्हणजे वेळ चुकली तर सावरायला जागा आणखी कमी. रेतन करणारा आजही दारात येऊन पहिला प्रश्न तोच विचारतो, कधीपासून माजावर आहे म्हणून. घरची माणसं पहाटेच वेचणीला गेलेली असतात, आणि ओट्यावरचे आजोबा सांगतात, "कालपासून असन बा."